बल्ब मी तपासला नाही

आमच्या बाबांची गाडी पांढुर्ण्यातल्या निम्म्या लोकांपेक्षा वयाने मोठी आहे आणि उरलेल्या निम्म्यांपेक्षा जास्त आवाज करते. गेल्या हिवाळ्यात बागेतून परत येताना ती तिगावच्या रस्त्यावर बंद पडली. अल्टरनेटर गेला होता. बॅटरी चार्जच होत नव्हती, ती हळूहळू पार उतरली.

भाऊ बोरगावहून आला तो निकाल घेऊनच. "अल्टरनेटर गेला का मीटरपाशी लाल दिवा जळते. तो जळून राह्यला अन् यायले दिसला नाई. डोळे गेले यायचे. विकून टाका गाडी."

"लागलाच नाई दिवा," बाबा म्हणाले. "लागला असता तं मले दिसला नसता का?"

"बल्ब फ्यूज असन," मी ठोकून दिलं.

झालं. बल्ब फ्यूज असेल तर बाबांनी गाडी चालवायची, चांगला असेल तर किल्ली भावाकडे, असं ठरलं. ते ऐकून बाबा उठून आत निघून गेले. मला वाटलं, अपमान झाला म्हणून.

अल्टरनेटर मीच बदलणार, असं मी जाहीर केलं. सातवीला वीज शिकवणाऱ्या बाईला यात अवघड ते काय! खरं कारण वेगळंच होतं. गॅरेजचा मिस्त्री आला असता तर त्याने सगळ्यात आधी बल्ब पाहिला असता.

सौंसरहून नवा अल्टरनेटर आणला. मोबाईलवर एका गोऱ्या माणसाने हेच काम वीस मिनिटांत उरकून हात पुसले. त्याचं गॅरेज आमच्या देवघरापेक्षा स्वच्छ होतं, आणि मागे खाटेवर बसून संत्री सोलत अक्कल शिकवणारा भाऊ त्याला नव्हता. मला अख्खा शनिवार आणि रविवारची सकाळ लागली. बॅटरीची वायर काढली, बेल्ट उतरवला, कुठली वायर कुठे ते कळावं म्हणून फोटो काढले, ते सगळे हलले. खालचा बोल्ट गंजून असा बसला होता की मी त्याला जे काही बोलले ते शाळेत बोलले असते तर माझी बदली झाली असती.

"हे शिकवतं का तू पोराईले?" भाऊ म्हणाला.

शेवटी नवा अल्टरनेटर बसला. कुदळीच्या दांड्याने रेटून बेल्ट ताणला, बोल्ट आवळले. बल्ब मात्र तपासला नाही. दोन मिनिटांचं काम होतं.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून गाडीत बसले. मी बॉनेटमध्ये डोकं घालून ओरडले, "मारा बाबा स्टार्टर!"

गाडी खोकली, थरथरली आणि चालू झाली. मी अक्षरशः नाचले. त्या आनंदात विचारलं, "दिवा लागला का?"

"नाई लागला," बाबा म्हणाले. "म्हटलं होतं ना, लागतच नाई तो."

हात पुसत मी खिडकीशी गेले. मीटरच्या बाजूला लाल दिवा जळत होता, चांगला ठसठशीत. आणि बाबा थेट त्याच्याकडेच बघत होते.

इतके दिवस मी बाबांची बाजू घेत नव्हते, स्वतःचीच समजूत घालत होते.

"काय झालं वो?" भावाने खाटेवरून विचारलं.

"नाई लागला!" मी ओरडले. "फ्यूजच हाय बल्ब!"

बाबांनी माझ्याकडे मान वळवली. मी खोटं बोलताना माझा आवाज चढतो, हे त्यांना माझ्या लहानपणापासून माहीत आहे.

"जळून राह्यला ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो बाबा."

त्यांनी स्टिअरिंगवरचे दोन्ही हात काढले आणि सरकत सरकत पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसले.

"बेल्ट कस आधी," ते म्हणाले. "ढिल्ला हाय, चिरकून राह्यला, म्हणून दिवा जळते. मंग तू चालव."