तिघांची अट

ज्या रविवारी माझे पती गेले त्या रविवारी गावातल्या चर्चची आठची उपासना झाली नाही. चर्चची किल्ली त्यांच्या कोटाच्या खिशात होती. लोक दाराशी थांबले. मग कुणीतरी आमच्या घराकडे बघायला आलं, तेव्हा बाहेर ॲम्ब्युलन्स उभी होती.

हे गाव बर्मिंगहॅमपासून गाडीने तासाभरावर आहे. तिथल्या हॉस्पिटलमधून ते निवृत्त झाले आणि आम्ही इथे राहायला आलो. ते नगरकडच्या मराठी ख्रिस्ती घरातले. मी पुण्याची, हिंदू घरातली, आणि लग्नानंतरही तशीच राहिले. लग्नाच्या आधी एकदा ते म्हणाले होते, "माझ्यासाठी बाप्तिस्मा घेऊ नकोस. कधी वाटलं तर स्वतःसाठी घे." त्यानंतर हा विषय आमच्यात निघाला नाही. माझ्या स्वयंपाकघरातल्या कपाटात एक छोटा देव्हारा आहे. त्यातल्या दिव्याचं तेल संपत आलं की दुकानातून आठवणीने ते स्वतःच आणायचे.

तरीही दर रविवारी आठला मी त्यांच्याबरोबर जात असे. साडेदहाची उपासना वेगळी असते: पडद्यावर गाण्यांचे शब्द, गिटार, मुलं, नंतर कॉफी. आठला यातलं काही नसतं. गाणं नाही, ऑर्गन नाही, प्रवचन नाही. जुनं प्रार्थनापुस्तक, शेकडो वर्षांपूर्वीचं इंग्रजी, आणि थंडी. मी कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकले होते. सुरुवातीला त्या भाषेसाठीच जात होते. पुढे त्या अर्ध्या तासासाठी जाऊ लागले. शेजारी बसलेला माणूस त्या अर्ध्या तासात काय मागतो ते मी कधी विचारलं नाही.

प्रभुभोजनाच्या वेळी सगळे कठड्यापाशी गुडघे टेकून भाकरीसाठी ओंजळ पुढे करतात. बाप्तिस्मा न घेतलेल्या माणसाने दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवायचे, म्हणजे व्हिकर, इथल्या पाद्रीबाई, भाकर न देता डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात. मी तसे हात ठेवत असे. व्हिकरच्या मागून द्राक्षारसाचा प्याला घेऊन येणारे माझे पतीच असत. माझ्यापाशी आले की न थांबता पुढे जात. प्याला सगळ्यांचा एकच, म्हणून प्रत्येकानंतर त्याची कड एका पांढऱ्या कापडाने पुसायची. ते कापड मी घरी धूत असे. इथली पद्धत अशी, की त्याचं पहिलं पाणी मोरीत सोडायचं नाही, मातीत ओतायचं. मी ते मागच्या दारच्या गुलाबाच्या मुळाशी ओतत असे. हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. देवाच्या अंगावरचं पाणी आमच्याकडेही तुळशीलाच घालतात.

अंत्यविधी झाल्यावर किल्ली परत द्यायला मी व्हिकरबाईंकडे गेले. त्या चाळिशीच्या, पाच गावांची चर्चेस एकट्या सांभाळणाऱ्या. गाडीत मागच्या सीटवर झगे आणि चिखलाचे बूट एकत्र पडलेले. किल्ली त्यांनी घेतली नाही. दार उघडायला माणूस हवाच आहे, म्हणाल्या. मग जरा थांबून त्यांनी सांगितलं, की चर्चच्या समितीत आठच्या उपासनेची चर्चा झाली आहे. माणसं उरली नाहीत. ईस्टरपर्यंत चालवून बघायचं असं ठरलंय.

माणसं किती उरली ते मला ठाऊक होतं. आम्ही आलो तेव्हा दहाबारा जण असत. काही गेले. काही साडेदहाकडे वळले, कारण तिथे हीटर आधी लावतात. आता माझ्याशिवाय तिघं होते. गावच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, ताठ कण्याच्या, पुस्तक हातात धरत पण त्यात बघत नसत. एक मेंढपाळ शेतकरी, पंचाहत्तरीच्या पुढचा. आणि रेल्वेत गार्ड म्हणून नोकरी केलेले एक गृहस्थ, जे घड्याळ बघितल्याशिवाय खाली बसत नसत.

तीन हा आकडा साधा नव्हता. त्या जुन्या पुस्तकात अट आहे, की पाद्रीबरोबर प्रभुभोजन घेणारे निदान तिघं तरी हवेत, नाहीतर प्रभुभोजन होणार नाही. हल्ली ही अट कोण पाळतं? व्हिकरबाई तर एकासाठीही भाकर मोडायला तयार होत्या. पण मुख्याध्यापिका बाई पाळत होत्या. काही वर्षांपूर्वी एका हिमाच्या रविवारी बदली पाद्री आले होते आणि समोर दोघंच होते. ते म्हणाले, चालेल. बाई म्हणाल्या, पुस्तकाने म्हणायचं तर पुस्तकाने, नाहीतर घरी जाऊ. आणि सगळे घरी गेले. ही हकिगत माझे पती हसत सांगायचे, पण त्यांचा कौल बाईंकडेच असायचा.

म्हणून त्या हिवाळ्यात मी दार उघडलं, दोन मेणबत्त्या लावल्या, की मागच्या बाकावर बसून दाराची कडी वाजण्याची वाट बघत असे. बाई येत, पहिली. गार्ड येत, दुसरी. मग शांतता. शेतकऱ्याला उशीर व्हायचा. मेंढ्यांचे दिवस भरत आले होते. व्हिकरबाई झगा घालून उभ्या, बाई समोर बघत बसलेल्या, आणि मी मागे मान न वळवता कान दाराकडे लावून. एकदा तो धापा टाकत आत आला आणि म्हणाला, "ट्रॅक्टर सुरू झाला हो. मीच होत नव्हतो." बाई हसल्या नाहीत. पण त्यांचे खांदे खाली आले ते मी मागून पाहिलं.

मला ती उपासना हवी होती. का, ते सांगता येतं. घरात त्यांची खुर्ची होती, चपला होत्या, पण घरात ते मला सापडत नव्हते. रविवारी आठला, शेजारची जागा रिकामी ठेवून बसलं, की तो अर्धा तास ते गेल्यासारखे वाटत नसत. ती उपासना बंद झाली असती तर मला दुसरीकडे कुठे जायचं ते माहीत नव्हतं.

लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत गार्डनी सांगितलं, की मुलीने त्यांना कायमचं आपल्याकडे बोलावलं आहे, आणि येत्या रविवारपासून ते इथे नसतील. सगळ्यांशी हात मिळवून ते गेले. जाताना घड्याळ पाहिलं.

त्या आठवड्यात बाई माझ्या घरी आल्या. मार्मलेडची बरणी टेबलावर ठेवली आणि कोट न काढता बसल्या. चहा घेतला. हवेबद्दल बोलल्या, माझ्या गुडघ्याबद्दल बोलल्या. मग कप खाली ठेवून म्हणाल्या,

"येत्या रविवारी तू ओंजळ पुढे कर."

मी म्हटलं, माझा बाप्तिस्मा झालेला नाही, तुम्हाला माहीत आहे.

"मला माहीत आहे, व्हिकरला माहीत आहे, देवालाही असेल. तिघांपैकी कुणी तुझा हात मागे ढकलणार नाही."

पुस्तकात तेही लिहिलंय, मी म्हटलं. ज्याने बाप्तिस्मा घेतला नाही आणि घ्यायची तयारीही नाही, त्याला देऊ नये. तुम्ही एक अट पाळायला दुसरी मोडताय.

वाद जिंकून मला बरं वाटलं नाही. त्या खिडकीतून मागच्या दारच्या गुलाबाकडे बघत होत्या.

"इतकी वर्षं त्या कापडाचं पहिलं पाणी तुझ्या गुलाबाला जातंय, डिअर," त्या म्हणाल्या. "तुझा गुलाबसुद्धा तुझ्या आधी सामील झाला."

हे त्यांनी टोचून म्हटलं होतं, पण त्यांचा आवाज नीट लागला नाही. ब्याऐंशी वर्षांची ती बाई. तिचा बाप्तिस्मा त्याच चर्चमध्ये झालेला, आईबाप त्याच आवारात पुरलेले. तिला काय जाणार आहे ते मला दिसत होतं. दारापर्यंत गेल्यावर त्या वळल्या. "तुझ्या नवऱ्याला आवडलं असतं," म्हणाल्या.

ते वाक्य मला आठवडाभर पुरलं. त्यांना आवडलं असतं का? असतं. मला याची खात्री होती, आणि तेच अवघड होतं. इतकी वर्षं प्याला घेऊन माझ्यासमोरून पुढे जाताना त्यांना काय वाटत होतं हे विचारायचं राहून गेलं. एक घोट. त्याने बाईंचं चर्च राहतं, माझा अर्धा तास राहतो, कुणाचं काही बिघडत नाही. मी व्हिकरबाईंना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, तुम्हाला हवं असेल तर मी आनंदाने बाप्तिस्मा देईन, पण संख्या भरायला देणार नाही. आणि रविवारी ओंजळ पुढे केलीत तर तिथे मी तुम्हाला प्रश्न विचारणार नाही. म्हणजे ठरवणं त्यांनीही माझ्यावरच सोडलं.

शनिवारी संध्याकाळी मी दिवा लावला. कापडाला इस्त्री केली, नेहमीसारखी घडी घातली.

रविवारी पाऊस नव्हता. बाई आल्या. शेतकरी त्या दिवशी वेळेवर आला, कोकराला पाजून आला होता, बाहीला दुधाचा वास. व्हिकरबाई वेदीपाशी उभ्या राहिल्या आणि सुरुवात झाली. प्रार्थना झाल्या, वाचन झालं, दानाची थैली फिरली. मी सगळं ऐकत होते आणि काहीच ऐकत नव्हते. मग सगळ्या चर्चसाठीची लांब प्रार्थना संपली. इथून पुढे पाद्री लोकांना जवळ बोलावतो. तिघं नसतील तर पुस्तकाप्रमाणे उपासना इथेच आशीर्वाद देऊन संपवायची असते.

व्हिकरबाईंनी पान उलटलं नाही. त्यांनी वर पाहिलं, कुणा एकीकडे नाही, बाकांकडे.

बाई वळल्या. इतक्या वर्षांत उपासना चालू असताना त्यांना मागे वळताना मी पाहिलं नव्हतं. शेतकरी टोपीच्या कडेवरून बोट फिरवत खाली बघत होता. माझे हात मांडीवर होते. ते कुठे ठेवायचे एवढंच ठरवायचं होतं. शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहून काही सुचेल असं वाटलं. सुचलं नाही. फक्त एवढं लक्षात आलं, की मी आज ओंजळ पुढे केली तर ती त्यांच्यासाठी असेल, आणि तेवढंच एक त्यांनी मला करू नकोस म्हणून सांगितलं होतं.

"मी नाही," मी म्हटलं. त्या चर्चमध्ये मी एकटीने मोठ्याने बोललेले ते पहिले शब्द.

व्हिकरबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, की त्यांची दोघांसाठीही तयारी आहे. त्या बाईंकडे बघत होत्या. बाई परत समोर वळल्या होत्या. मला त्यांची मान तेवढी दिसत होती.

"नको," बाई म्हणाल्या. "आशीर्वाद द्या."

व्हिकरबाईंनी आशीर्वाद दिला. भाकर वेदीवर झाकलेलीच राहिली. बाहेर दगडी कमानीखाली शेतकऱ्याने टोपी घातली आणि मला म्हणाला, "तुम्ही दोघी एकाच मातीच्या आहात. एक ट्रेलर भरून हट्ट." मग माझा हात जरा दाबून तो निघून गेला. बाई माझ्याशी न बोलता गेल्या.

पुढच्या समितीत फार चर्चा झाली नाही म्हणे. ईस्टरपासून आठची उपासना बंद. प्याला साडेदहाला असतो. तिथलं कापड समितीतली एक तरुण मुलगी धुते. मी तिला पहिल्या पाण्याचं सांगितलं. तिने ऐकलं, फोनवर टिपून घेतलं.

ईस्टरनंतरच्या रविवारी मला जाग नेहमीच्या वेळीच आली. किल्ली कुणी मागितली नव्हती. मी चालत गेले, दार उघडलं, मेणबत्त्या लावल्या नाहीत. आपल्या जागेवर बसले. कडी वाजली. बाई आत आल्या, माझ्याकडे न बघता पुढच्या बाकापर्यंत गेल्या, तिथे क्षणभर उभ्या राहिल्या, मग परत मागे येऊन माझ्या बाकाच्या पलीकडच्या टोकाला बसल्या. मधली जागा त्यांनी सोडली. पुस्तक उघडलं. प्रभुभोजनाचं पान नव्हतं ते. त्याच पुस्तकात सकाळची प्रार्थनाही आहे. तिला पाद्री लागत नाही आणि अमुक इतकी माणसं हवीत अशी अटही नाही.

त्यांनी स्तोत्राची पहिली ओळ म्हटली आणि थांबल्या. दुसरी ओळ समोरच्याने म्हणायची असते. इतकी वर्षं उपासनेतली अशी उत्तरं माझे पती म्हणत आणि मी मनात म्हणत असे. बाई थांबून राहिल्या. मी म्हटली.

श्रद्धेच्या कबुलीपाशी आल्यावर त्या उठून उभ्या राहिल्या आणि ती एकटीने म्हणाल्या. मीही उभी राहिले, गप्प. त्यांनी माझ्यासाठी वेग वाढवला नाही की कमी केला नाही. संपल्यावर निघताना म्हणाल्या, "स्तोत्राला तू घाई करतेस. प्रत्येक ओळीच्या मध्ये श्वास घ्यायचा असतो."

घेईन, मी म्हटलं.

आता रविवारी आठला मी दार उघडते. भाकर नसते, प्याला नसतो. बाई असतात आणि मी असते, मेंढ्यांनी सोडलं तर शेतकरी असतो. गुलाबाला मी नळाचं पाणी घालते. किल्ली माझ्या कोटाच्या खिशात असते.