ईशानच्या पॉटचे नियंत्रक

माझे सासरे, अण्णा, घरात दोन भाषा बोलत. जाहीर करायचं ते शुद्ध मराठीत आणि मनातून येईल ते मालवणीत. "भोजन तयार असल्यास कळवावे," असं ते स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहून सांगत. सार तिखट झालं की मात्र, "गो, माका मारतंस काय?" नोकरीभर ते बस आगारात वाहतूक नियंत्रक होते. भोंग्यावर बोलून बोलून त्यांचा आवाजच सरकारी झाला होता. गाडी उशिरा आली म्हणून कुणी भांडायला आलं, तर शांतपणे म्हणत, "उशीर गाडीला झाला आहे, मला नाही." त्यांनी कुणाची माफी मागितल्याचं आमच्या मिठबाव गावात कुणाला आठवत नव्हतं. सासूबाई तर ती न ऐकताच देवाघरी गेल्या.

माझा ईशान तेव्हा तिसऱ्या वर्षात होता. नवरा बोटीवर, मी गावच्या हायस्कुलात शिक्षिका. मी शाळेत असताना ईशानला सांभाळणाऱ्या शेजारच्या काकी मुंबईला लेकीकडे कायमच्या निघाल्या होत्या, आणि दिवसभर तो एकट्या अण्णांना आवरणारा नव्हता. उरली बालवाडी. तिथल्या बाईंनी मे महिन्यातच बजावलं, "डायपरवालं पोर घेणार नाही." म्हणजे जूनपर्यंत ईशानने शी-शू सांगायला शिकायचं, नाहीतर मी नोकरी सोडायची.

"काळजीचे कारण नाही," अण्णांनी जाहीर केलं. "हा केवळ वेळापत्रकाचा प्रश्न आहे."

मी कणकवलीहून बदकाच्या आकाराचं पिवळं पॉट आणलं. अण्णांनी ते मागच्या पडवीत मांडलं आणि ठरल्या वेळी ईशानला त्यावर बसवायला सुरुवात केली. ईशानला पॉट फार आवडलं. तो त्यावर बसून केळं खाई, बदकाच्या चोचीला भरवी, अण्णांकडून घाटातल्या गाड्यांच्या गोष्टी वसूल करी, आणि उठून तुळशीमागे जाऊन कार्यभाग उरकी. "गाडी फलाटाला लागली, पण प्रवासी पुढच्या थांब्याला उतरले," अण्णा मला अहवाल देत.

मग त्यांनी प्रात्यक्षिक ठरवलं. पालथ्या बादलीवर स्वतः बसले, डोळे मिटले, चेहरा लाल केला आणि कुंथून दाखवायला लागले. ईशान टाळ्या वाजवत होता. नेमके त्याच वेळी आंब्यांची चौकशी करायला त्यांचे एक जुने सहकारी पडवीत आले. आगारात दोघांचं कधी पटलं नव्हतं. ते वाकून बघत म्हणाले, "अण्णानू, डॉक्टराक बोलावू काय?"

"प्रशिक्षण चालू आहे," अण्णा डोळे न उघडता म्हणाले.

इथवर सगळं हसण्यासारखं होतं. एका सोमवारी अण्णा नातवाला घेऊन कुणकेश्वराच्या दर्शनाला निघाले. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, कडेवर ईशान. बस थांब्यावर चारचौघांसमोर ईशानने त्या सदऱ्यावरच सगळं केलं. अण्णा ओरडले. भोंग्याशिवायही तो आवाज थांबाभर पुरला असणार. घरी आले तेव्हा ईशान रडत नव्हता, हेच मला विचित्र वाटलं.

त्या दिवसापासून त्याने शी करणंच बंद केलं. कळ आली की पाय एकमेकांवर घट्ट दाबून कोपऱ्यात उभा राही, घामाने भिजे, पण सोडत नसे. पॉट दिसलं की किंचाळे. पोट दगडासारखं झालं, जेवण तुटलं. शेवटी आम्ही त्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी औषध दिलं आणि विचारलं, "ह्याला कुणी घाबरवलंय का?"

मी गप्प राहिले. मला वाटलं, अण्णा आता काहीतरी जाहीर करतील. ते म्हणाले, "मी." एवढंच.

घरी आल्यावर ईशान पुन्हा कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. अण्णा त्याच्यासमोर जमिनीवर बसले. गुडघे दुखायचे त्यांचे, हात टेकत टेकत बसले. म्हणाले, "माझा चुकला रे बाबू. तुका व्हया तेवा कर, व्हया थंय कर. माझ्या आंगार कर. कोण वरडूचो नाय." ईशान कोपऱ्यातून पुढे आला. मग त्यांच्या मांडीवर येऊन बसला, आणि औषध लागू पडल्यामुळे म्हणा, माफीमुळे म्हणा, त्यांचं म्हणणं त्याने शब्दशः मानलं. अण्णा हलले नाहीत. मला हाक मारून म्हणाले, "गो, पाणी हाड. सावकाश हाड."

पुढे वेळापत्रक बंद झालं. पॉट पडवीत नुसतं पडून असे. शेजारची, ईशानहून मोठी मुलगी खेळायला आली की संडासाला जाताना ऐटीत सांगून जाई. तिचं बघून ईशानही सांगायला लागला, आणि जून उजाडायच्या आत सुधारला. अण्णांनी वाडीभर सांगितलं, "योग्य नियोजनाचे फळ." मी ते खोडलं नाही.

बालवाडीच्या पहिल्या दिवशी अण्णा समोरच्या देवळाच्या पायरीवर जाऊन बसले. बाईंनी घरी जायला सांगितलं. "जातंय," म्हणाले आणि बसून राहिले. मधल्या सुट्टीत ईशान धावत फाटकाशी आला, "अण्णा, शी इली!" बाईंना न सांगता तो त्यांनाच सांगायला आला होता. अण्णा त्याला घेऊन गेले आणि परतले ते मान ताठ करून. मग रोजच बसायला लागले. हळूहळू इतर आयाही आपापल्या पोरांची जादा चड्डी त्यांच्याकडे ठेवून जाऊ लागल्या. कोणती कुणाची, हे त्यांना बरोबर ठाऊक असे. भिजलेल्या पोराला ते देवळामागे नेत, बदलून आणत, आणि त्याच्या आईला काही कळवत नसत.

दिवाळीनंतर एका दुपारी अण्णा झोपले ते उठलेच नाहीत. भेटायला पुष्कळ लोक आले. आगारातले आले, त्यांच्या शिस्तीबद्दल बोलले. सगळे उठल्यावर बालवाडीतल्या एका पोराची तरुण आई दाराशी रेंगाळली. शेवटी डोळे पुसत म्हणाली, "ताई, आता चड्डी कोणाकडे ठेवूची?"