बारा एक्स्ट्रॅक्टर

संस्थान मध्य भारतात विलीन झालं, त्या दिवशी आमच्या आतोबांची सिलेखान्यातली, म्हणजे शस्त्रागारातली, नोकरी संपली.

अडकलेली वस्तू बाहेर काढावी तर आतोबांनीच; इंदुरात तसा दुसरा माणूस झाला नाही. बाटलीतलं बूच, सुजलेल्या बोटातली अंगठी, कुलपात मोडलेली किल्ली, सगळं ते समजूत घातल्यासारखं हलकेच काढत. हलणारा दात घेऊन आम्ही भाचरं त्यांच्यासमोर तोंडच उघडत नसू. पानातली फुगलेली पोळीही ते दोन बोटांनी अशी उचलत, की आत्या म्हणे, "अहो, पोळी आहे ती, काडतूस नव्हे!"

त्यांचा खरा जीव होता एका वेळी एकच गोळी घेणाऱ्या बारा जुन्या रायफलींवर. त्यांची मूळ काडतुसं मिळेनाशी झाली होती. नव्या काडतुसांचा काठ बारीक. रिकामी पुंगळी ओढून काढणारा एक्स्ट्रॅक्टर त्यावरून घसरे आणि पुंगळी नळीतच राही. म्हणून आतोबा प्रत्येक रायफलीसाठी नवा एक्स्ट्रॅक्टर घडवत. दिव्याची काजळी लावायची, बसवून पाहायचं, काजळी पुसली जाईल तिथे कानस फिरवायची. दोनदाच, तिसऱ्यांदा नाही. अकरा रायफली झाल्या होत्या, तोच हत्यारं नव्या सरकारात जमा करायचा हुकूम आला. नोकरी नव्हती तरी बारावीसाठी ते दीड महिना रोज जात राहिले. "बिघडलेली रायफल माझ्या सहीने जाणार नाही," एवढंच म्हणत.

जमा करायच्या दिवशी मी सोबत होतो. आतोबांनी बारावीत रिकामी पुंगळी घालून तिची दांडी ओढली; पुंगळी टुणकन टेबलावर पडली. ते हसले. कारकुनाने वरही पाहिलं नाही.

"अरे साहब, हे सगळं भंगारमध्ये जाणार. चालू-बंद से क्या मतलब?" मग यादी पाहत तो थांबला. "ह्या पुर्ज्यावर नंबर कुठेय? बाकी सबपे है."

"तो मी केलाय."

"मग लिस्टमध्ये नाही. निकाल लो सारे, घरी घेऊन जा."

आतोबांनी बाराही एक्स्ट्रॅक्टर एकेक करून काढले, कुठेही ओरखडा न उठवता. रायफली शेवटी बिघडलेल्याच जमा झाल्या आणि कागदावर सही आतोबांची होती.

त्यानंतर घरात काही अडकलं की ते म्हणत, "सुताराला बोलवा."

गेल्या महिन्यात ते गेले. बारा एक्स्ट्रॅक्टर माझ्या टेबलाच्या खणात आहेत. तो खण नीट उघडत नाही.