आत्याचं चौथं कडवं

मी काही फार वाईट मुलगी नव्हते, असं स्वतःला समजावून बघते अधूनमधून. जमत नाही.

शहापूर तालुक्यात शेणव्याच्या बाजूला आमची बौद्धवाडी. बाबा मुरबाडच्या पुढं, डोंगराखालच्या एका इंटरनॅशनल निवासी शाळेत स्टोअरकीपर होते. तिथं कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी एक-दोन जागा असायच्या. दहावीला बरे मार्क पडले म्हणून त्यातली एक मला मिळाली. दोन हजार सालानंतरची ती पहिली वर्षं. अकरावी-बारावीला तिथं संगीत हा अख्खा विषय घेता यायचा, गणितासारखा, परीक्षेसकट. मी घेतला. वाडीत सांगितलं तर शेजारच्या काकी म्हणाल्या, "गाण्यात नापास पण करतात काय गो?"

वर्गात आम्ही पाच जण. बाकीचे चौघे लहानपणापासून पियानो नाहीतर व्हायोलिन शिकलेले. मला येत होती विहारातली पेटी, तीही अडखळत. संगीताच्या मॅडम रोज संध्याकाळी जास्तीचा अर्धा तास मला घेऊन बसायच्या. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं जे झालं त्यात त्या बाईंचा काडीचाही दोष नाही.

बारावीला एक मोठं काम असायचं. आपल्या भागातलं एखादं गाणं गाणाऱ्याच्या तोंडून रेकॉर्ड करायचं, ते नोटेशनमध्ये उतरवायचं, त्याच्याबद्दल लिहायचं आणि शेवटी वर्गाकडून बसवून घ्यायचं. बाकीचे गाणं शोधत हिंडत होते. मला कुठं जायची गरज? घरात आत्या होती.

आत्या बाबांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, तेव्हापासून आमच्याकडंच. दिवसभर लोकांच्या खाचरात लावणी नाहीतर कापणी, आणि काम करता करता गाणी रचायची. लिहिता येत नव्हतं, कागदावर अंगठा उठवायची. पण आमच्याकडं गाण्याची एक रीत आहे. ज्यानं रचलं त्याचं नाव शेवटच्या कडव्यात येतं, आणि दुसरं कुणी गात असलं तरी ते कडवं गाळायचं नाही. गाळलं तर विहारातली म्हातारी माणसं खालून ओरडतात, "नाव घे, नाव घे!"

मी निवडलेल्या गाण्याची पहिली तीन कडवी लावणीची होती, चिखलात दिवसभर वाकलेल्या आईची. चौथ्यात ती आई पोरीला शाळेत घालते. मग निळा झेंडा येतो, आमची वाडी येते, आणि आत्याचं नाव.

सुट्टीत कॅसेट रेकॉर्डर घेऊन घरी आले. आत्यानं तोंड धुतलं, केस विंचरले, पाणी प्यायली आणि त्या डब्यासमोर मांडी घालून बसली.

"ऐकणार कोण गो ह्ये?"

"बाहेरच्या देशातले परीक्षक."

"मंग नाव नीट घेते. त्यांना आमचा उच्चार कलायचा नाय."

आणि खरंच, चौथ्या कडव्यात तिनं आपलं नाव एकदा घेतलं, थांबली, आणि पुन्हा सावकाश घेतलं.

होस्टेलवर आले, कानाला हेडफोन लावला, तेव्हा त्याच जागेवर मी टेप बंद केला. शाळेत मी "शहापूरजवळची" होते. आमचं घर गावाच्या कुठल्या अंगाला आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं, हीच तर गंमत! मुलं बिचारी चांगली होती. भीती माझीच. हे कडवं वर्गात वाजलं की सगळ्यांना कळणार, एवढंच डोक्यात. दुसऱ्या कॅसेटवर गाणं उतरवून घेताना तिसरं कडवं संपताच मी थांबवायचं बटण दाबलं. मूळ कॅसेटवर माझी पियानोची प्रॅक्टिस भरून टाकली. परीक्षेच्या फॉर्मवर लिहिलं: रचनाकार अज्ञात, पारंपरिक.

मॅडमनी विचारलं, "तीनच कडवी? जरा अर्धवट वाटतंय गं."

"तीनच आहेत," मी म्हणाले. बेधडक.

वर्षाच्या शेवटी सीनियर मुलांचा कार्यक्रम झाला. आत्या बाबांबरोबर आली होती, पांढरीशुभ्र साडी नेसून. तिचं गाणं पियानो आणि दोन व्हायोलिनवर इतकं सुंदर वाजत होतं की मागच्या रांगेतले पाहुणेही मान डोलवायला लागले. तिसरं कडवं संपलं. टाळ्या पडल्या. सगळे टाळ्या वाजवत होते आणि आत्या हात मांडीवर ठेवून नुसती बघत होती. अजून गाणं संपलं नाही असंच तिला वाटत होतं.

नंतर मला म्हणाली, "झालं काय?"

"टाइम कमी होता आत्या."

"असंल असंल. मोठी शाला." माझ्या गालावरून हात फिरवून तिनं कडाकडा बोटं मोडली. बाबांच्या हातात कार्यक्रमाचा कागद होता, त्यावरही गाण्यापुढं 'पारंपरिक' छापलेलं. त्यांना वाचता येत होतं. त्यांनी तो घडी करून खिशात घातला आणि एसटीचं बघायला गेले.

माझा निकाल उत्तम लागला. त्याच पावसाळ्यात, पौर्णिमेला, विहारात आत्याला गाणं म्हणायला सांगितलं. तिनं हेच धरलं. तिसऱ्या कडव्यानंतर थांबली. खालून ओरड झाली, "नाव घे, नाव घे!"

"नाय रे," आत्या हसून म्हणाली. "मोठ्या शालंत एवढंच म्हनतात. माज्या भाचीनं बसवलंय. तसंच बरं दिसतं." आणि भरल्या डोळ्यांनी माझ्याकडं बघितलं. केवढा अभिमान होता त्या बघण्यात! तिथंच उठून खरं सांगायला हवं होतं मी. मी टाळ्या वाजवल्या. लाज वाटते हे लिहिताना, पण वाजवल्या.

पुढं ती तसंच म्हणायची. बायकाही तसंच शिकल्या.

चार वर्षांनी आत्या गेली. तिच्या पुण्यानुमोदनाला घरापुढं मांडव होता. वंदना झाली, आणि वाडीतल्या बायकांनी तिचं गाणं म्हटलं. तीन कडवी म्हणून त्या गप्प झाल्या. मागं बसलेला एक म्हातारा चिडून म्हणाला, "अरे, आज तरी तिचं नाव घ्या!"

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. संगीत शिकलेली मीच होते ना.

मी उभी राहिले. पहिली ओळ म्हटली, आई पोरीला शाळेत घालते ती. दुसरी ओळ आली नाही. मी पुन्हा पहिली म्हटली. मांडवात सगळे थांबून होते, आणि मला दुसरी ओळ आली नाही.