आमच्या घरचा उपाशी साप

माझ्या घरातून कोणी उपाशी गेलेलं मला चालत नाही. हे काही मी स्वतःचं कौतुक म्हणून सांगत नाही. तो माझा स्वभाव आहे आणि माझ्याकडे जेवायला बसलेल्या प्रत्येकाने तो सोसलेला आहे. अमेरिकेतल्या कॅरी गावच्या आमच्या मराठी मंडळींत माझं बोलावणं आलं की लोक सकाळपासून पोट रिकामं ठेवतात. 'नको' हा शब्द मला ऐकूच येत नाही. कोणी ताटावर आडवा हात धरला तर मी बोटांच्या फटीतून वाढते. अशा घरात दोन हजार पाच साली एक साप आला आणि जेवेना.

साप मुलीचा. ती तेव्हा आठ वर्षांची होती आणि तिला कुत्रा हवा होता. कुत्र्याला रोज फिरवायचं कोणी, यावर घरात बरेच दिवस घासाघीस चालली. शेवटी जो भुंकत नाही, ज्याचे केस गळत नाहीत आणि ज्याला फिरवावं लागत नाही, असा प्राणी नवऱ्याने शोधून काढला. तो आयटीतला माणूस, मेंटेनन्स कमी असलेली वस्तू त्याला बरोबर दिसते. मी नाही म्हणायच्या आत दोघं दुकानात जाऊन कॉर्न स्नेक नावाच्या जातीचं पिल्लू घेऊन आले. बिनविषारी, नारिंगी रंगाचं, पेन्सिलीहूनही बारीक. मुलीने त्याचं काहीतरी इंग्रजी नाव ठेवलं. मी ते नाव कधी घेतलं नाही. पूर्वीच्या बायका नवऱ्याबद्दल बोलत तशी मी 'ते' म्हणूनच भागवायचे.

पिल्लू नुकतंच अंड्यातून बाहेर आलेलं होतं आणि त्याने अजून आयुष्यातला पहिला घास घेतला नव्हता. दुकानातल्या बाईने सगळं समजावून सांगितलं होतं म्हणे. गोठवलेलं उंदराचं पिल्लू, केससुद्धा न फुटलेलं, गरम पाण्यात ठेवून कोमट करायचं, सापापुढे ठेवायचं आणि निघून जायचं. महिन्याभरात खाल्लं नाही तर साप परत आणून द्या, असंही ती म्हणाली होती. यातलं उंदराचं आम्ही नीट लक्षात ठेवलं. निघून जायचं, हे मात्र तिघांच्याही डोक्यात शिरलं नाही. ताट वाढून निघून जायचं, ही कुठली रीत?

आमचं घर शाकाहारी. फ्रीझरमध्ये मटारच्या शेजारी ती पिशवी दिसली तेव्हा मी ती उचलून आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात कोंबली. इथल्या मराठी घरांत आइस्क्रीमच्या डब्यात आइस्क्रीम कधीच नसतं, त्यामुळे त्याला कोणी हात लावणार नाही असा माझा अंदाज होता. एका रविवारी शेजारच्या काकू सकाळच्या आल्या होत्या आणि मी पोहे करत होते. आइस्क्रीमच्या डब्यात आइस्क्रीम नसतं हे त्यांनाही ठाऊक होतं, म्हणूनच ओलं खोबरं शोधताना त्यांनी नेमका तोच डबा उघडला. त्यांनी आत पाहिलं, झाकण दाबून लावलं, डबा होता तिथे ठेवला आणि म्हणाल्या, "नुसती कोथिंबीरच घालू या." मग त्यांना आज आपला उपास असल्याचं आठवलं आणि त्या घरी गेल्या.

सुरुवातीला साप जेवत नाही याचं मला मनातून बरंच वाटत होतं. महिना भरला की दुकानात परत, विषय संपला. पण एका दुपारी कपडे वाळवणाच्या मशीनमधून काढताना माझं लक्ष शेजारी ठेवलेल्या सापाच्या काचेच्या पेटीकडे गेलं. त्याच्या पाठीचा कणा वर आलेला दिसत होता. कातडी दोन्ही बाजूंनी सैल पडली होती. सापाबद्दल माझं मत काही बदललं नव्हतं, पण माझ्या घरात एक जीव उपाशी होता आणि मी घड्या घालत होते. त्या संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं, "परत द्यायचा तर देऊ, पण जेवून जाऊ दे."

मग मी पदर खोचला. ऑफिसातून लवकर येऊन मी स्वतः उंदीर कोमट करायला लागले. ज्या बाईने जन्मात अंडं फोडलं नव्हतं, ती पंचा नाकाला बांधून पाण्यात बोट घालून बघत होती की फार गरम तर झालं नाही ना. आम्ही तिघं पेटीभोवती बसायचो. नवरा इंटरनेटवर लोकांनी काय काय लिहिलंय ते वाचून दाखवायचा, मुलगी टॉर्च धरायची आणि मी चिमट्यात घास धरून सापाच्या तोंडापुढे नाचवायचे. साप मागे सरकला की मी चिमटा पुढे सरकवायचे. तो पाण्याच्या वाटीमागे लपला की मी वाटी उचलायचे. माझ्या हिशोबाने तो पाहुण्यासारखा संकोचत होता, आणि संकोच कसा मोडायचा हे मला पक्कं ठाऊक होतं.

एकदा मी चिमटा ठेवून हात धुवायला गेले, तर मागून मुलीचा आवाज आला. "हा घास चिऊचा. हा घास काऊचा." मी नळ बंद करून ऐकत राहिले. माझ्याशी ही पोरगी कधी मराठीत बोलत नसे. मी मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमचा शिरस्ता होता. आणि सापाशी मात्र ती शुद्ध मराठीत बोलत होती, माझ्याच सुरात, माझाच हेल काढून. नवरा म्हणाला, निदान या प्राण्याच्या बाबतीत चिऊचा घास खरोखरच पटण्यासारखा आहे. साप तरीही खाईना.

इथे सांगायला हवं, की घरात न जेवणारा तो एकटाच नव्हता. मुलीचं जेवण म्हणजे रोजची लढाई होती. मी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसायचे, घास मोजायचे, ती पाणी प्यायली तर पोट पाण्याने भरेल म्हणून पेला बाजूला करायचे. भाजी ताटात गोल गोल फिरायची आणि पोळी गार होऊन जायची. डॉक्टर म्हणत, ती ठणठणीत आहे. डॉक्टरांना काय कळतंय, असं माझं मत.

महिना भरत आला. सोमवारी साप परत द्यायचा ठरलं आणि त्याआधीच्या शनिवारी मंडळाचा गणपती आला. मसालेभात माझ्याकडे होता. गडबडीत मुलीने उंदीर कोमट करून सापासोबत एका छोट्या डब्यात ठेवला आणि झाकणाला भोकं आहेत ना, हे पाहिलं. चिमटा घेऊन बसायला कोणालाच वेळ नव्हता. पातेलं उचलून मी तिथून निघाले तेव्हा त्या डब्यातलं ते दृश्य गणपतीच्या दिवशी डोळ्यांसमोर नको म्हणून मी त्यावर एक टॉवेल फेकला. मग आम्ही दार ओढून गेलो.

संध्याकाळी परत आलो तर टॉवेलखाली साप होता आणि उंदीर नव्हता. मी आधी नवऱ्याला विचारलं, तू टाकलास का. त्याने नाही म्हटलं. मग मुलीने बोट दाखवलं. सापाच्या मधोमध एक लहानसा फुगवटा होता. जेवण झाल्यावर दिसावा तसा तो निवांत पडला होता. मला इतका आनंद झाला, की मी जरीच्या साडीत तिथेच जमिनीवर बसले आणि चक्क रडले.

मुलगी नाचली, बापाला मिठी मारून झाली, आणि मग माझ्याकडे बघत शांतपणे म्हणाली, "ही एट बिकॉज यू लेफ्ट."

मी म्हटलं, हो, आपण सगळेच गेलो होतो. ती म्हणाली, सगळे नाही, तू. आणि मग, अगदी मराठीत, "आई, तू बघत असलीस ना, की मला घास गिळता येत नाही."

खरं सांगायचं तर मला राग आला. आठ वर्षं हिच्या घासाघासामागे धावले आणि हिने मला चिमट्याच्या रांगेत बसवलं. पण सापाच्या पोटातला तो फुगवटा समोर दिसत होता, त्याच्याशी काय वाद घालणार? दुसऱ्या दिवशी रात्रीच्या जेवणाला मी तिचं ताट वाढलं, शेजारची खुर्ची आत सरकवली आणि स्वयंपाकघराकडे पाठ करून जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. मला तर बाळंतपणसुद्धा इतकं लांबल्यासारखं वाटलं नव्हतं. मागून ताटाचा आवाज येत होता, पण कसला ते कळत नव्हतं. दोनदा उठले आणि दोनदा परत बसले.

मग मागून आवाज आला, "आई, भाजी अजून आहे?"

हे वाक्य मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. सगळं अंग उठून धावायला बघत होतं. मी कठडा धरून ठेवला आणि मान न वळवता म्हटलं, "गॅसवर आहे. तुझी तू घे."