तार तपासणारा

वीज पडल्यापासून शेलूबाजारच्या पोस्टातला फोन मुका होता. तिकडे अकोल्याच्या दवाखान्यात माझ्या ताईचं ऑपरेशन झालेलं, अन् खबर कळावी म्हणून मी सकाळपासून पोस्टातच बसून होतो. दुपारी एक लाइनमन सायकलवर आला, वाटेतला प्रत्येक खांब तपासत. विजेपासून फोनला वाचवणाऱ्या पेटीतला जळका फ्यूज त्यानं बदलला, फोनचं हँडल फिरवलं आणि तो "हॅलो, टेस्टिंग" म्हणत राहिला. लाइन लागताच त्यानं माझ्यासाठी अकोल्याचा दवाखाना मागितला अन् रिसीव्हर मला दिला.

"तुमीच बोला. आवाज जाते का, तेही कळन."

भाऊजी म्हणाले, ताई उठून बसली.

"बसा जरा, चार गोष्टी बोला," मी लाइनमनला म्हणालो.

"बोलाचं नका सांगू जी. दिवसभर हॅलो हॅलो करून घरी बायकोसंग बोलाचंही जिवावर येते."

बाकावर टेकताच तो झोपला. पुढचा फोन पोस्टमास्तरांनी पहिल्या घंटीलाच उचलला आणि ते हळू आवाजात बोलले.