चार महिने दाबलेली फाईल

आमच्या ऑफिसात कुणाचं काम होऊ द्यायचं नसेल, तर त्याला नाही म्हणायची पद्धत नव्हती. फाईल खाली ठेवायची, एवढंच. वर नवे कागद पडत राहायचे आणि तो माणूस खेटे घालून थकायचा. नाशिकला पाणी प्रदूषणाच्या ऑफिसात मी कारकून म्हणून लागलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात ही विद्या शिकलो. कायद्याचं पुस्तक मात्र टेबलावर असूनही कधी उघडलं नव्हतं.

ऐंशीनंतरची सुरुवातीची वर्षं होती. एका पुठ्ठ्याच्या कारखान्याने सांडपाणी सोडायची संमती मागितली. कुठे सोडणार, या रकान्यात नाल्याचं नाव वाचलं आणि मी चमकलो. तो माझ्या आजोळचा नाला, सायखेड्याकडचा. त्याच्या काठावर आमच्या बौद्ध वस्तीची विहीर होती. गावच्या विहिरीवर आमच्या बायकांना लांब उभं राहून, कुणी वरून पाणी ओतेल याची वाट बघावी लागे. म्हणून मामांनी चार घरं जमवून ही विहीर खोदली होती. मामींचा तिच्यावर फार जीव.

आमचे इंजिनिअर जागा बघून आले आणि त्यांनी शेरा लिहिला, की पाणी शुद्ध करायची टाकी आधी बांधावी, मगच संमती द्यावी. भला माणूस. पण मला टाकी नको होती, कारखानाच नको होता. साहेबांच्या सहीला जायची ती फाईल मी गठ्ठ्याच्या तळाशी सरकवली आणि त्या रविवारी मामांना तसं सांगूनही आलो.

"तू हाय तिथं म्हून बरं," मामा म्हणाले. "नायतर आमाला कोण इचारतंय?" मामींनी पुरणपोळी केली. मी फुशारलो होतो, खोटं कशाला बोलू.

कारखान्याचा माणूस एकदाही चौकशीला आला नाही, याचं मला नवल वाटायला हवं होतं. चार महिने उलटले आणि त्यांचं पत्र आलं. साहेबांनी मला बोलावून पुस्तकातलं कलम मोठ्याने वाचायला लावलं. अर्जावर चार महिन्यांत निर्णय झाला नाही, तर संमती दिली असंच धरायचं, आणि तीही बिनशर्त. म्हणजे टाकीसुद्धा नाही. साहेब म्हणाले, "होतं असं," आणि पत्र फाईलला लावायला सांगितलं. मला साधा मेमोही मिळाला नाही. मिळाला असता तर बरं वाटलं असतं.

कारखाना सुरू झाला. दुसऱ्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी कोऱ्या चहासारखं झालं, वास असा की गुरं तोंड लावेनात. मी गेलो तेव्हा मामी हंडा घेऊन गावच्या विहिरीकडे निघाल्या होत्या, म्हातारपणी पुन्हा लांब उभं राहायला. मला बघून त्या थांबल्या नाहीत.

मामा ओट्यावर बसले होते. "वरच्या सायबांनी काढून घेतली आसंल फाईल," ते म्हणाले. "तू लय केलंस. तुझ्या हातात काय व्हतं?"

सगळंच माझ्या हातात होतं. मी म्हणालो, "हो मामा, वरच्यांनीच."

त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि मी तो फिरवू दिला.